"आईच्या दुधात हाये का ते?"

संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात एका लहान गावात आशा म्हणून काम करते, पंधरा वर्षं झाली. पेपरात पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. लांबलं तर कापा पण बाळाच्या दुधाच्या पावडरच्या डब्याचा हिशोब आणि कायद्याचं जे लिहिलं आहे तेवढं राहू द्या ही विनंती.

झालं असं की महिनाभरापूर्वी आमच्या गावातल्या एका सुनेची डिलिव्हरी तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात झाली. सिझर झालं. मुलगा, वजन २ किलो ४००. सिझर असलं की बाळंतीण उशिरा घरी येते, म्हणून आमची पहिली भेट सातव्या दिवशी असते. मी गेली तर पाळण्याच्या बाजूला बाटली, बाटलीच्या बाजूला पावडरचा डबा. मी विचारलं हे कोणी दिलं, तर म्हणे दवाखान्यात दोन दिवस दूध उतरलं नाही, बाळ रडून राहिलं होतं, तर तिथल्या बाईनं चिठ्ठीवर नाव लिहून दिलं आणि खालच्या मेडिकलमधून सासरे घेऊन आले. सातशे पन्नास रुपये, ४०० ग्रामचा डबा. त्या घरात पाच एकर कोरडवाहू आहे, ती सून आणि तिची सासू दोघी दुसऱ्याच्या वावरात निंदणाला जातात.

मी बाळाला ताजव्याच्या झोळीत टाकलं, २ किलो २६०. आता पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन थोडं उतरतंच, दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकते, त्यानं घाबरायचं नसते. पण पोट मऊ पडलेलं, शी पातळ, आणि ते रडत होतं ते पण बारीक आवाजात. मी सासूबाईला म्हटलं काकू, दूध कसं बनवता मला दाखवा. तिनं गिलासात पाणी घेतलं, डब्यातल्या चमच्यानं एक माप पावडर टाकली, हलवली आणि बाटलीत ओतली. मी बाटलीवरच्या रेघा पाहिल्या तर पाणी ६० मिली होतं. डब्यावर लिहिलेलं की ३० मिलीला एक सपाट चमचा. म्हणजे लेकराला निम्मं दूध आणि निम्मं पाणी जात होतं. मी सांगितलं तर ती माऊली रडायलाच लागली, म्हणे "डबा लवकर सरते बाई, म्हनून एकच चमचा टाकत होतो." तिची चूक आहे असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

हा हिशोब मी मुद्दाम लिहून राहिली कारण डबा घेताना तो कोणी सांगत नाही. एका चमच्यात साधारण साडेचार ग्राम पावडर बसते. ४०० ग्रामच्या डब्यात नव्वदच्या आसपास चमचे. दीड-दोन महिन्याच्या बाळाला दिवसाला सहाशे-साडेसहाशे मिली तरी लागते, म्हणजे वीस-एकवीस चमचे. डबा चार ते साडेचार दिवस पुरतो, महिन्याला सात डबे, सातशे पन्नासच्या हिशोबानं पाच हजाराच्या वर. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे जे पाच हजार मिळतात ते सगळे घातले तरी एक महिना निघत नाही. निंदणाची मजुरी आमच्याकडे अडीचशे रुपये, ती पण रोज भेटत नाही. तर मग माणूस पाणीच वाढवणार ना, दुसरं काय करणार.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसली ते सांगते. मी म्हटलं डबा हळूहळू कमी करू, बाळाला अंगावर लावू, तर सासरे म्हणाले, "ताई, मेडिकलवाल्यानं सांगतलं यात न्यूक्लिओटाइड हाये, त्यानं लेकराची ताकद वाढते, बिमाऱ्या होत नाही. आईच्या दुधात हाये का ते?" आणि डबा माझ्या हातात दिला. खरंच लिहिलेलं होतं. मला पंधरा वर्षात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता आणि मला उत्तर येत नव्हतं. मी त्यांना म्हटलं दोन दिवस द्या, विचारून सांगते. माझी मुलगी अमरावतीला बीएस्सी करून राहिली, तिचा विषय बायोकेमिस्ट्री, तिला फोन लावला. त्या रात्री दीड तास आणि नंतर आठवडाभर रोज थोडं थोडं तिनं मला शिकवलं, पुस्तकातली पानं फोटो काढून पाठवली. जे मला समजलं ते माझ्या भाषेत लिहिते.

आपल्या अंगात पेशी असतात आणि पेशीत डीएनए असतो हे शाळेत शिकवलेलं असते. नवीन पेशी बनवायची तर त्या डीएनएची पूर्ण नक्कल काढावी लागते, आणि ती नक्कल ज्या लहान लहान तुकड्यांची बनते त्यांना न्यूक्लिओटाइड म्हणतात. आरएनए नावाचा पेशीतला दुसरा पदार्थ पण याच तुकड्यांचा. (हे पहिल्यांदा कसं सापडलं ते मुलीनं सांगितलं तेव्हा मला फार नवल वाटलं, १८६९ मधे फ्रेडरिक मीशर नावाच्या स्विस शास्त्रज्ञाला जर्मनीत दवाखान्यातल्या पू लागलेल्या पट्ट्या धुऊन त्यातल्या पेशींमधे हा पदार्थ भेटला, तेव्हा त्याला न्यूक्लीन नाव दिलं.) मोठ्या माणसाचं शरीर हे तुकडे स्वतः बनवते, खास करून लिव्हरमधे. आणि जुन्या पेशी मरतात त्यांच्यातले तुकडे परत वापरते. आमच्याकडे जुनं मातीचं घर पाडलं की त्यातले सागाचे खांब, पाट्या, कवेलू कोणी फेकत नाही, नवीन घराला लावतात, तसंच आहे ते. नवं सागवान घेणं महाग पडते, जुनं निघालं तर तेच बरं.

पण लेकराचं घर तर नवंच बांधून राहिलं. पाच महिन्यात वजन दुप्पट, वर्षात तिप्पट. आतड्याच्या आतलं अस्तर दर तीन-चार-पाच दिवसाला नवं होते, आणि बिमारीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी लस दिली की भराभर वाढतात. आता या आतड्याच्या पेशी आणि पांढऱ्या पेशी स्वतः न्यूक्लिओटाइड बनवण्यात कमी पडतात, त्यांना बाहेरून आयतं भेटलं तर सोपं जाते. म्हणून पुस्तकात याला पूर्ण आवश्यक म्हणत नाही आणि अनावश्यक पण म्हणत नाही, वाढीच्या, हगवणीच्या, कुपोषणाच्या दिवसात गरज वाढते असं म्हणतात.

आणि सासऱ्यांच्या प्रश्नाचं उत्तर. हो, आईच्या दुधात ते आहे. पहिल्या दिवसापासून आहे. सुटं पण आहे, आणि दुधात ज्या जिवंत पेशी असतात त्यांच्या आरएनएमधून पण बाळाच्या पोटात सुटते. गाईच्या दुधात त्या मानानं फार कमी असते, आणि जे असते ते बहुतेक ओरोटिक अ‍ॅसिड नावाचं, म्हणजे न्यूक्लिओटाइडचा नुसता कच्चा माल, जे आईच्या दुधात नसतंच. पावडर बनते गाईच्या दुधापासून. म्हणून कंपन्यांना ते वरून टाकावं लागते. जपानमधे १९६५ पासून टाकतात. म्हणजे आईच्या दुधात जे होतं त्याचीच नक्कल डब्यात केली आणि आता तोच डबा दाखवून आईला विचारतात तुझ्यात आहे का. हे मला कळलं त्या रात्री मला झोप नाही लागली साहेब, इतका संताप आला.

डब्यात टाकल्यानं काहीच होत नाही असं मी म्हणत नाही, खोटं लिहायचं नाही. १९९८ मधे अमेरिकेच्या पीडिअ‍ॅट्रिक्स या मासिकात एक अभ्यास आला, लिटरला ७२ मिलिग्राम न्यूक्लिओटाइड टाकलेली पावडर काही बाळांना दिली, काहींना न टाकलेली, आणि काही बाळं आईच्या दुधावर. टाकलेल्या पावडरच्या बाळांमधे हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा एक जंतू) आणि घटसर्पाच्या लसीला प्रतिसाद न टाकलेल्यांपेक्षा चांगला होता. पण पोलिओच्या लसीला सगळ्यात चांगला प्रतिसाद आईच्या दुधावरच्या बाळांमधे होता, दोन्ही पावडरवाल्यांपेक्षा. हे अर्धं वाक्य मेडिकलच्या काउंटरवर कोणी सांगत नाही. आणि तुलना नीट पहा, फायदा दिसला तो पावडरला पावडरच्या तुलनेत. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं तर २०१४ मधे सगळे अभ्यास पाहून सांगितलं की पावडरमधे न्यूक्लिओटाइड टाकणं गरजेचं नाही. ७२ मिलिग्राम म्हणजे किती, तर चिमटीभर मिठाच्या पण कमी. एवढ्या वस्तूच्या नावानं एक कोरडवाहू घर महिन्याला पाच हजाराच्या खड्ड्यात जाते, आणि वरून पाणी घातलं की त्या लेकराला ना न्यूक्लिओटाइड पूर्ण भेटत, ना प्रोटीन, ना साधं पोटभर.

दुसरी गोष्ट मुलीनं सांगितली ती माझ्या रोजच्या कामाची निघाली. शरीराला न्यूक्लिओटाइड बनवायला फोलिक अ‍ॅसिड लागते. तेच फोलिक अ‍ॅसिड जे आम्ही गरोदरपणात लोहाच्या लाल गोळीत देतो, १८० दिवस आणि बाळंतपणानंतर अजून १८० दिवस. पंधरा वर्षं मी ती गोळी "रक्त वाढते" म्हणून वाटली. अर्ध्या बाया घेत नाही, तोंड कडू होते, शी काळी होते, सासू म्हणते बाळ काळं होईल, आणि गोळ्या फडताळात पडून राहतात. आता मी सांगते की बाई, पोटातल्या लेकराची एक एक पेशी बनायला ही गोळी लागते, तर ऐकतात. मागच्या महिन्यात एका पोरीनं फडताळातून चार पट्ट्या काढून माझ्यासमोर मोजल्या, आता रोज रात्री जेवल्यावर घेते. तसंच हगवणीचं. हगवणीत अंगातलं पाणी जाते, ते भरून काढायला ओआरएस देतो, आणि आतड्याचं अस्तर खराब होते, ते नवं बांधायचं असते, म्हणून १४ दिवस झिंकची गोळी देतो. लोक तीन दिवसात शी बांधली की झिंक बंद करतात. अस्तर बांधणं अजून चालूच असते ना बापा.

आणि सहा महिन्यांनंतर काय? उष्टावण झालं की आमच्याकडे बहुतेक घरी महिनाभर बिस्किट चहात नाहीतर पाण्यात भिजवून देतात, पाच रुपयाचा पुडा. वरणाचं वरचं पाणी देतात, डाळ खाली राहते ती मोठे खातात. न्यूक्लिओटाइड जिथं पेशी दाटीनं असतात त्या अन्नात जास्त असते. कलेजी, मासोळी, सुके झिंगे, डाळी, पावसाळ्यातल्या सात्या म्हणजे रानातल्या अळंब्या. दुधात आणि अंड्यात कमी असते, पण अंडं बाकी गोष्टींसाठी चांगलंच आहे, ते बंद करू नका. आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्याच्या पायाचा अंगठा सुजतो, युरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणून डॉक्टरनं त्याला कलेजी आणि झिंगे बंद सांगितले. मी मुलीला विचारलं तर म्हणे तेच ते, न्यूक्लिओटाइडचा एक प्रकार मोडला की त्याचं युरिक अ‍ॅसिड होते. म्हणजे जे आजोबाला नको तेच नातवाच्या वाढीला कामाचं. घरात कलेजी आली की ती आधी कमावत्या माणसाच्या ताटात जाते हे मी पाहत आली. एक चमचा शिजवून कुस्करून नऊ महिन्याच्या लेकराला द्या. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी तुरीचं नाहीतर मुगाचं घट्ट वरण, खालची डाळ घेऊन, भातात कुस्करून वरून तेल नाहीतर तूप टाकून द्यावं. तूर आपल्या वावरात पिकते हो! विकून बिस्किटं आणतो आपण.

त्या बाळाचं पुढं काय झालं ते सांगते. डबा एकदम बंद नाही केला, ते धोक्याचं असते. आधी माप बरोबर करायला लावलं, उकळून गार केलेलं पाणी, ३० ला एक सपाट चमचा, बाटली बंद, वाटी-चमच्यानं. आमच्या नर्सबाई येऊन पाहून गेल्या. आणि दर वेळी आधी अंगावर घ्यायचं. ती पोरगी सिझरच्या टाक्यामुळं वाकून बसत होती, बाळ फक्त बोंडीला धरत होतं म्हणून तिला दुखायचं आणि दूध पण येत नव्हतं. तिला आडवं एका कुशीवर झोपवलं, बाळ तिच्या पोटाला पोट लावून ठेवलं, तोंड मोठं उघडलं की झटकन जवळ घेतलं, खालचा काळा भाग तोंडात. पहिल्यांदा नीट लागलं तेव्हा गिळायचा आवाज आला, क्‌ क्‌ असा, आणि सासूबाई हसल्या. दिवसाला दहा-बारा वेळा, रात्री पण. चौदाव्या दिवशी २ किलो ३४०. एकविसाव्या दिवशी २ किलो ५५०, आणि डबा दिवसातून एकदाच. अठ्ठाविसाव्या दिवशी २ किलो ७९०, डबा बंद.

दवाखान्यात त्या दोन दिवसात कोणी तिला हेच अर्धा तास दाखवलं असतं तर सातशे पन्नासचे दोन डबे आणि तीन आठवड्यांची चिंता वाचली असती. सिझरनंतर दूध उतरायला थोडा वेळ लागतो हे सगळ्या डॉक्टरांना माहीत असते. त्या पहिल्या दिवसांचा चीक थोडाच असतो पण बाळाचं पोट तरी केवढं असते, आणि त्या चिकात बिमारीशी लढणारं जे असते ते कुठल्याच डब्यात नाही.

आता कायद्याचं. १९९२ मधे आपल्या देशात कायदा झाला, लहान बाळांच्या दुधाची पावडर, बाटल्या आणि बाळांचं खाणं यांच्यावर, २००३ मधे तो अजून कडक केला. त्यात दोन वर्षाखालच्या लेकरांसाठी असलेल्या या वस्तूंची जाहिरात करायला बंदी आहे, फुकट नमुने वाटायला बंदी, डब्यावर बाळाचा किंवा आईचा फोटो छापायला बंदी, दवाखान्यात पोस्टर लावायला बंदी, डॉक्टर-नर्स लोकांना भेटवस्तू द्यायला बंदी. आईचं दूध सगळ्यात चांगलं असं डब्यावर ठळक लिहावं लागते. नियम मोडला तर तीन वर्षापर्यंत कैद आहे. मी पंधरा वर्षात आमच्या तालुक्यात यावर कोणाला साधी नोटीस आल्याचं ऐकलं नाही. चिठ्ठीवर डब्याचं नाव लिहून देणं आणि काउंटरवर "यानं ताकद वाढते" सांगणं हे थांबलं पाहिजे. सगळे डॉक्टर असे नाहीत हे पण लिहिते, आमच्या पीएचसीचे डॉक्टर स्वतः वॉर्डात उभं राहून बाळ लावायला लावतात.

आणि ज्या लेकराला खरंच डबा लागतो, कोणाची आई गेली, कोणाच्या आईला कॅन्सरची औषधं चालू आहे, त्या घरांना मी कधी काही बोलत नाही आणि कोणी बोलू नये. त्यांना माप शिकवा, पाणी उकळायला शिकवा. त्यांना डबा परवडत नाही तर सरकारनं त्यांना तो द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, असं घर आमच्या चार गावात एखादं असते, काही जड नाही.

राहिलं बायांच्या मजुरीचं. तिसऱ्या महिन्यात बाई निंदणाला जाते, दिवाळीच्या आगे-मागे कापसाच्या वेचणीला. धुऱ्यावरच्या निंबाला लुगड्याचा झोका बांधून लेकरू त्यात, आणि ती दोनशे पावलं दूर पिकाच्या ओळीत. लेकरू रडलं तर मालक डोळे वटारून पाहते. रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान पोरं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई ठेवायची असा नियम आहे, खासगी वावरात तसं काहीच नाही. मी आमच्या गावातल्या सहा-सात शेतकऱ्यांना घरी जाऊन सांगितलं की दूध पाजणारी बाई असेल तर तिला दर दोन तासाला पंधरा मिनिटं सोडा, मजुरी कापू नका. चौघांनी मान्य केलं, त्यातल्या एकानं तर स्वतः झोक्याजवळ पाण्याचा घडा ठेवला. बाकीच्यांना पुन्हा विचारणार आहे, वेचणीच्या आधी. आमदार साहेब, झेडपीचे मेंबर कोणी हे वाचत असेल तर वेचणीच्या दोन महिन्यात अंगणवाडीतच पाळणाघर चालू करा, खोली आहे, बाई आहे, फक्त मानधन पाहिजे.

तुमच्याकडून एकच मागणं आहे साहेब. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह असतो तेव्हा पेपरात मोठ्या लोकांचे फोटो येतात. त्या ऐवजी यावेळी हा कायदा साध्या मराठीत चौकटीत छापा, आणि तक्रार तालुक्यात कोणाकडं करायची ते विचारून त्यात लिहा. मी ते कापून अंगणवाडीच्या दाराला लावीन, आणि एक प्रत त्या सासऱ्यांना देईन. पुढच्या आठवड्यात त्यांच्या नातवाची बेचाळिसाव्या दिवसाची भेट आहे.

आपली,
एक आशा स्वयंसेविका
ता. राळेगाव, जि. यवतमाळ